हवालदाराचं कपाट

४ जून

ठकू,

फोन करायचा नाही, यायचं नाही, जे काय सांगायचं ते कागदावर लिहून पाठवा, असा तुझा हुकूम मावशीने मला वाचून दाखवला. कागदावर बाबांचा आवाज चढत नाही म्हणे. बरं बाई. चाळीस वर्षं कानावर पेन्सिल खोचून हिंडलो, पण तिने फळ्यांवर खुणा केल्या, पत्रं लिहिली नाहीत. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस.

तुझा हवालदार सुखरूप पोचला. मावशीने काचेची पेटी दारातच ठेवली आणि "भाऊजी, तुम्ही आणि ही तुमची पाल, बघा आता" म्हणून सटकली. तुझी चार पानी सूचनापत्रिकाही मिळाली. सकाळी हिरवा पाला बारीक चिरून, भोपळा किसून, दिवा आठ वाजता लावायचा, अमुक इतकी ऊब, तमुक इतकी ओल. तू लहान असताना तुझ्या दुधाच्या बाटलीला सुद्धा एवढं बघितलं नव्हतं कुणी. म्हणजे मी बघितलं नव्हतं. आईने बघितलं असेल.

त्याला हवालदार का म्हणतेस ते मात्र पहिल्याच दिवशी कळलं. कोणी खोलीत आलं की मान वर-खाली, वर-खाली, जणू कागदपत्रं तपासतोय. मी दाढी करत होतो तरी तपासलं.

एक गोष्ट तुला पटो न पटो, ती पेटी त्याला पुरत नाही. शेपटी धरून माझ्या छातीएवढा होईल हा इग्वाना, आणि राहतोय माशांच्या पेटीत. वळायला गेला की नाक काचेवर घासतो. नाकाची साल निघाली आहे. तू भाड्याच्या खोलीत चौघींबरोबर राहतेस, तुझा इलाज नव्हता, हे समजतं मला. पण घरात सुतार असताना जनावराने असं राहायचं म्हणजे काय? मी त्याला चांगलं मोठं घर करून देतो. लाकूड कुठून आणणार वगैरे विचारू नकोस, घरात जुनं फर्निचर ढीगभर पडलंय.

तुझं शेवटचं वाक्य वाचलं. "ऑगस्टअखेर टेम्पो घेऊन येईन, हवालदार आणि आईचं कपाट नेईन. त्या घरातलं दुसरं काही नको." ठीक आहे.

त्या दिवशीबद्दल मी काही लिहिणार नाही. आई जाऊन चार दिवस झाले नव्हते, आणि चार माणसांत बापाला बोलायची ती वेळ नव्हती. हात उगारला तो चुकलाच. पण बोलणंही चुकलंच होतं.

बाबा


२२ जून

ठकू,

तुझं पत्र मिळालं. अडीच ओळींचं. त्यातल्या दोन हवालदाराच्या नाकावर.

नाकाला तू सांगितलेलं मलम लावतोय. मला वाटलं चावेल, शेपटीचा एक फटका बसला आणि मनगटावर वळ उठला, त्यापलीकडे काही नाही. आता आमची ओळख झाली आहे. मी रंधा मारायला घेतला की तो पेटीत उभा राहून बघतो. त्याच्याएवढं लक्ष देऊन माझं काम आजवर कुणी बघितलं नसेल.

काम जोरात चाललंय. गुडघे कुरकुर करतात, पण हात अजून सरळ आहेत. बाहेरच्या खोलीतली शोकेस मोकळी केली, तिच्या सरकत्या काचा पुढच्या बाजूला येतील. तुझ्या जुन्या पलंगाची डोक्याकडची कठड्याची फळी आत शिडीसारखी उभी लावणार, त्यावर तो चढेल. पाण्यासाठी एका खणाला आतून पत्रा मारला, म्हणजे खणासारखा बाहेर ओढायचा, धुवायचा, परत सारायचा. असलं डोकं दुकानवाल्यांना नाही सुचणार. सांगाडा जुन्याच सागवानाचा. तीस वर्षांचं लाकूड, पण पटाशी लावली की आतून अजून मधासारखं निघतं.

कपाट कसं आहे असं विचारलंयस. कपाटाला काय धाड भरली आहे? जिथे होतं तिथे आहे.

हां, एक विचारायचं होतं. आईचे कपडे तू कधी नेलेस? सहज उघडलं होतं कपाट, तर आत माझा एक जुना कोट आणि दोन चादरी. न्यायला माझी ना नाही, पण सांगून तरी न्यायचे. मी काय अडवणार होतो?

बाबा


९ जुलै

ठकू,

झालं! काल संध्याकाळी पूर्ण झालं, आणि आज तुला कळवल्याशिवाय राहवेना. सात फूट उंच, पाच फूट रुंद, अडीच फूट खोल. बाहेरच्या खोलीची एक भिंतच भरली. वरच्या कोपऱ्यात दिवा, त्याखाली बसायला जाड फांदी. ती मी तीन संध्याकाळी हिंडून आणली, रस्त्याकडेला झाड छाटत होते तिथून. दुसऱ्या टोकाला सावली, मध्ये शिडी, खाली पाण्याचा खण. मागच्या फळीला वरून जाळी, म्हणजे हवा खेळती राहील. सांधे सगळे खाचेचे, एक खिळा दिसणार नाही. शेजारचे शिंपी बघायला आले, म्हणाले, "अहो, भाड्याने देता का? मीच राहतो."

आतून दोन हात नेहमीचं वाळवीचं औषध मारलं, बाहेरून पॉलिश. पाण्याचं भांडं आत म्हणजे ओल आली, आणि ओल आली की वाळवी. माझ्या कामाला उभ्या जन्मात वाळवी लागली नाही, ती आता एका सरड्यापायी लागू देतो की काय? दोन दिवस वाळवलं. मग काल आपले हवालदार दिमाखात आत गेले. आधी अर्धा तास खालीच बसून मान हलवली, मग शिडी चढून थेट दिव्याखाली, डोळे मिटून, पाय मागे सोडून. बघत राहावं असं दृश्य होतं. तुझी आई असती तर म्हणाली असती, "बघा, तुमच्यासारखाच पसरलाय."

तू टेम्पो आणशील तेव्हा हे उचलायला चार माणसं लागतील. पण सुटं करता येईल असंच केलंय. तुझ्या नव्या घरात कुठे ठेवायचं त्याचं माप आत्ताच घेऊन ठेव.

मला शाबासकी नको. पण नाकाची साल आता घासणार नाही, एवढं कळलं तुला तर बरं वाटेल.

बाबा

ता. क. आज पाला तसाच टाकलाय त्याने. नवी जागा आहे, बुजला असेल.


१४ जुलै

ठकू,

सगळं ठीक आहे. हवालदार मजेत. फोटो मागितलास, पण शिंप्यांचा फोन बिघडलाय. दुरुस्त झाला की पाठवतो.

बाबा


२६ जुलै

ठकू,

दोन पत्रं लिहून फाडली. हे फाडायच्या आत टपालपेटीत टाकणार आहे.

मागचं पत्र खोटं होतं. शिंप्यांचा फोन धडधाकट आहे. फोटो काढायला हवालदार घरात नव्हता, तो जनावरांच्या दवाखान्यात होता.

घाबरू नकोस, जिवंत आहे. आता खातोय. पण आधी सगळं सांगतो, मग तुला जे म्हणायचं ते म्हण.

नव्या घरात गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी तो फांदीवरून खाली पडलेला दिसला. अंग काळं पडलेलं, पाय थरथरत होते, तोंडातून फेस. मला वाटलं गेला. टॉवेलात गुंडाळला आणि रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरीण तुझ्याच वयाची असेल. तिने त्याला हातात घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःचा तळवा नाकाशी नेला. मग मला विचारलं, "काका, याचं घर कशाचं केलंय?"

आणि मी, ठकू, त्या थरथरणाऱ्या जनावरासमोर उभा राहून माझ्या कामाची फुशारकी मारली. सागवान, खाचेचे सांधे, पाण्याचा खण, सगळं. तिने विचारलं, "आतून काही लावलंय?" मी म्हणालो, "मग! दोन हात वाळवीचं औषध." तिने डब्यावर काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितलं तशी ती लिहायची थांबली. "काका, ते औषध बंद होऊन किती वर्षं झाली. तुमच्याकडे आलं कुठून?"

कुठून म्हणजे? बंद होणार असं कळलं तेव्हा मी पाच डबे भरून ठेवले होते. दुकानदार म्हणाला होता, विषारी आहे म्हणून बंद करतायत. मी हसलो होतो. म्हटलं, नव्या औषधांना दम नाही आणि लोकांना नखरे सुचतात.

तिने समजावून सांगितलं. औषध लाकडात मुरतं, वर्षानुवर्षं राहतं. दिव्याच्या उबेने ते सुटतं, आणि बंद जागेत ते जनावर तेच अंगाखाली घेतं, तेच श्वासात घेतं. नवा हात नसता तरी जुन्या लाकडात होतंच, म्हणाली. त्याला आंघोळ घातली, सुई दिली, कसलीशी काळी पूड पाजली. पाच दिवस तिथे ठेवला. मी रोज जाऊन बाकावर बसायचो. तिसऱ्या दिवशी त्याने डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आता दुसरं. जुनं लाकूड म्हटलं ना मी? कसलं जुनं लाकूड, तुला एव्हाना कळलं असेल. आईचं कपाट तोडलं मी.

घरात दुसरं चांगलं लाकूड नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही, पण खरंही नाही. खरं हे, की तुझं ते वाक्य मला झोंबलं होतं. "आईचं कपाट." अगं, मी केलेलं कपाट ते! लग्न ठरल्यावर तीन महिने रोज काम संपल्यावर बसून केलेलं. आणि माझ्या लेकीला त्या घरातलं दुसरं काही नको, फक्त आईचं कपाट हवं. मला ते सहन झालं नाही. म्हटलं, मी केलं, मी मोडेन, आणि असं काही करून देईन की तिला माझंच नाव घ्यावं लागेल. पहिली पटाशी घालताना हात थांबला होता. तरी घातली.

तू लिहिलंस की आईचे कपडे तू नेले नाहीत, उलट मलाच विचारलंस की कुठे आहेत. मला माहीत नाही. शोधतो.

दवाखान्यातून आणल्यापासून हवालदार पुन्हा त्याच काचेच्या पेटीत आहे. नाक घासतोय. ते सात फुटी घर मी अंगणात काढून ठेवलंय, वर ताडपत्री टाकून. शिंपी विचारतात काय झालं. मी काही सांगत नाही.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण ते लिहून मोकळा व्हायचा मला हक्क नाही.

बाबा


११ ऑगस्ट

ठकू,

एका ओळीचं पत्र मिळालं. "आणखी काही तोडायचं राहिलंय का?" दहा वेळा वाचलं. बरोबर आहे. अठ्ठावीस तारखेला टेम्पो येणार हेही वाचलं.

आधी हवालदाराचं सांगतो, कारण तुला तेच आधी हवं असणार. त्याला नवं घर मिळालं. लाकूड अजिबात नाही. भंगारवाल्याकडून दोन लोखंडी खाटा आणल्या, त्या उभ्या करून चौकट केली, सगळीकडून जाळी, पुढे शोकेसच्याच काचा, साबणाने तीनदा धुतलेल्या. वेल्डिंगवाल्याने मला बाहेर उभं केलं. "काका, तुम्ही हात लावू नका, तुम्ही लोखंडाला लाकूड समजता," म्हणाला. ऐकून घेतलं. एकही सांधा सरळ नाही, दार लावताना किंचाळतं, दिसायला कोंबड्यांचा खुराडा. डॉक्टरीण स्वतः येऊन बघून गेली. म्हणाली, "छान आहे." हवालदार वर चढून बसतो. परवा त्याने माझी कागदपत्रं तपासली, पुन्हा पूर्वीसारखी. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो, तुला सांगायला हरकत नाही.

आता आईच्या कपड्यांचं.

मावशीला विचारलं.  ती उठली, आमच्या खोलीत गेली, आणि मी रोज ज्या पलंगावर झोपतो ना, त्याच्याखालून तिने पत्र्याची ट्रंक ओढली. सगळे कपडे त्यात. घड्या घालून, ओळीने, वर तुझा लहानपणीचा स्वेटर.

मावशी म्हणाली, "भाऊजी, नऊ वर्षं झाली. तुम्ही शेवटचं औषध मारलंत ना कपाटाला, तेव्हा ताईने कपडे बाहेर काढले ते परत ठेवलेच नाहीत. कपाट उघडलं की माझं डोकं उठतं, पोटात ढवळतं, म्हणायची. तुम्हाला कळू नये म्हणून तुमचा कोट टांगून ठेवला होता पुढे."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं तिने?"

मावशीने माझ्याकडे बघितलं फक्त. ते बघणं मी विसरणार नाही. कारण तिने सांगितलं होतं, ठकू. तुझ्या जन्माआधी सांगितलं, तू शाळेत जायला लागलीस तेव्हा सांगितलं, दर दोन वर्षांनी मी डबा उघडला की सांगितलं. आणि मी काय म्हणालो ते ऐकायचंय? "वाळवी लागलेली चालेल का तुला?" म्हणालो. "बड्या घरची लेक आली" म्हणालो. एकदा तर, "आधी चहा टाक, मग दुखू दे डोकं" म्हणालो आणि आपल्याच विनोदावर हसलो. मग ती सांगायची बंद झाली. मला वाटलं बरी झाली.

आल्यागेल्याला मात्र कौतुकाने दाखवायची. "हे ह्यांनी स्वतः केलंय हं." दारं कधी उघडून दाखवली नाहीत, हे मला आता आठवतंय.

मी डॉक्टरिणीला विचारलं. जनावरांची डॉक्टर, तिला काय विचारणार, तरी विचारलं. म्हणाली, "काकू हृदयविकाराने गेल्या, त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, कुणीच आता सांगू शकणार नाही. पण डोकेदुखी खरी असणार." एका सरड्याची पाठ हुंगून त्या मुलीला जे पाच मिनिटांत कळलं, ते मला तीस वर्षं बायकोने तोंडाने सांगून कळलं नाही.

चार माणसांत तू म्हणालीस, या घरात आईचं कुणी ऐकलं नाही. त्यावर मी हात उगारला. तुला डोकेदुखीचं माहीत होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. माहीत नसेल तर तुला हे असं, पत्रातून कळतंय. तू जे कपाट आईची आठवण म्हणून मागत होतीस, ते आईलाच नको होतं. हेही तुझ्याकडून मी काढून घेतलं, याची लाज कुठे ठेवू?

ट्रंक तुझी आहे. मी फक्त झाकण उघडलं होतं. कपड्यांना साबणाचा वास आहे, दुसरा कसलाही नाही.

बाबा


२४ ऑगस्ट

ठकू,

तुझं पत्र नाही. मी अपेक्षा करत नव्हतो. तरी पोस्टमन वळला की खिडकीशी जातो.

अठ्ठावीसला मी घरी असेन. आधी ठरवलं होतं की किल्ली मावशीकडे ठेवून कुठेतरी निघून जायचं, म्हणजे तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. मग वाटलं, हा पळपुटेपणा झाला. मी असेन. ओरडायचं असेल तर ओरड, मी ऐकेन. बोलायचं नसेल तर खाटांच्या पिंजऱ्याचा एक कोपरा मी धरतो, दुसरा टेम्पोवाला धरेल. हवालदाराला दार किंचाळण्याची सवय झाली आहे, तेल घालू नकोस.

हे पत्र त्यासाठी नाही. दुसऱ्या एका गोष्टीसाठी आहे, आणि ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

मापाच्या वह्या आहेत माझ्या. कुणाचा पलंग, कुणाचं कपाट, लांबी, रुंदी, कुठल्या भिंतीला. त्या ट्रंकेपाशी बसलो होतो तेव्हा डोक्यात आलं की वाळवी लागत नाही म्हणून गावभर माझं नाव होतं. म्हणजे ते औषध गावभर आहे. वही उघडली. त्यात नऊ पाळणे आहेत, ठकू. पाळण्यांना मी तीन हात मारायचो. म्हटलं, लहान मूल आहे, चांगलं काम द्यावं.

 दहा दिवस मी घरोघर जातोय. दार वाजवायचं, नाव सांगायचं, आणि म्हणायचं, मी केलेलं कपाट घराबाहेर काढा. जाळू नका, धूरही वाईट, पालिकेची गाडी येते त्यांना सांगा. ज्यांच्या पाळण्यात आज मूल झोपतंय त्यांच्याकडे आधी गेलो. दोन घरी होतं. एका घरच्या आजीने पाळणा तिथल्या तिथे मोकळा करून मला ढकलत बाहेर काढलं, "एवढी वर्षं झोपला होतास का?" म्हणाली. दुसऱ्या घरी बाळ मांडीवर घेऊन आई नुसती बघत राहिली. डॉक्टरिणीने मुलांच्या डॉक्टरांचं नाव दिलं होतं, ते दिलं आणि निघालो. मला तिच्याकडे बघवलं नाही.

बाकीचे हसतात. शाळेच्या मुख्याध्यापकांनी पाठीवर थाप मारली, "अहो, वीस वर्षं काही झालं नाही, आता काय होतंय? वय झालं तुमचं." शिंपी तर रागावले. त्यांच्या मुलीला लग्नात दिलेलं कपाट माझंच, आता तिच्या सासरी काय सांगायचं त्यांनी? ते माझ्याशी बोलत नाहीत. बावन्न घरं झाली, अकरा राहिली.

आज सकाळी बेकरीवाल्याकडे गेलो होतो. त्याच्या धाकट्या मुलाच्या लग्नात कपाट केलं होतं मी, आईच्या कपाटासारखंच, त्याच मापाचं. दार सुनेने उघडलं. मी सांगत होतो तोवर मागून नवरा आला, पिठाचे हात पुसत. तो म्हणाला, "काका, काही होत नाही हो. लोखंडासारखं काम आहे तुमचं. ही उगाच सारखी डोकं दुखतं, डोकं दुखतं करत असते, तिच्यासमोर असलं काही बोलू नका." हसूनच म्हणाला. चांगला मुलगा आहे तो. शब्द माझे होते, हसणंही माझं होतं.

ती हसली नाही. तिने मला विचारलं, "काका, काकूंना व्हायचा का त्रास?"

तो म्हणाला, "अगं, त्यांना काय विचारतेस?"

मी म्हणालो, "व्हायचा. तीस वर्षं व्हायचा. ती सांगायची आणि मी तिची थट्टा करायचो." आई गेल्यावर एवढी माणसं भेटायला आली, एवढं बोलणं झालं, पण हे तोंडाने मी कुणाला सांगितलं नव्हतं.  त्या मुलाने मान खाली घातली. मग आत गेला, आणि कपाट फरशीवरून ओढल्याचा आवाज यायला लागला.

सून म्हणाली, "काका, आत या, बसा, पाणी आणते." मी पाणी घेतलं, पण उंबऱ्याबाहेर उभं राहूनच प्यायलो. आत जायची लाज वाटली.

बाबा